चूलबंद आवतन

सासूला छळणाऱ्या सुना पुष्कळ असतात. मी त्यातली नाही. मी माझ्या सासूबाईंना सुखात ठेवलं, आणि त्या सुखानंच त्यांची वाट लावली. असं म्हटलं की लोक म्हणतात, काहीतरीच काय माधवी, वय झालं त्यांचं. डॉक्टरही जवळपास तेच म्हणाले. पण सत्तावीस वर्षं शाळेत शिकवते आहे मी. चूक कुठं झाली ते मला दुसऱ्यानं दाखवावं लागत नाही.

सासूबाईंचं नाव मनकर्णाबाई. वय सत्त्याहत्तर. आमचं गाव दर्यापूरच्या पुढं. गावात कुणाकडंही लग्न, बारसं, काही निघालं की आवतन द्यायला त्यांनाच बोलवायचे. आवतन म्हणजे जेवणाचं आमंत्रण, पण ते देणं सोपं काम नव्हे. एका घरातून एकाच माणसाला बोलवायचं, दुसऱ्या घरातून जोडप्याला, आणि जिथं जास्त जिव्हाळा तिथं चूलबंद आवतन, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटायची नाही, लहानथोर सगळ्यांनी यायचं. कुणाला कोणतं द्यायचं, कुणाचं कुणाशी बिनसलंय म्हणून कुणाला आधी सांगायचं, कुणाकडं सुतक आहे, कुणाची लेक बाळंतपणाला आली आहे, हे सगळं सासूबाईंच्या डोक्यात. कागद नाही, पेन नाही. जाताना उजव्या हाताची घरं घ्यायची आणि येताना डाव्या हाताची. एकशे बारा उंबरे. शिवाय समोरच्यानं ‘येतो’ म्हटलेलं स्वतःच्या कानानं ऐकल्याशिवाय त्या उंबऱ्यावरून हलायच्या नाहीत. सकाळी निघाल्या की घरी यायला दुपार व्हायची, आणि आल्या की कुणाकडं काय चाललंय याचा सगळा पाढा आम्हाला ऐकवायच्या.

मी लग्न होऊन गेले तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसले आणि मी आपली आतल्या खोलीत, कुणी बोलवेल म्हणून वाट बघत. अर्ध्या तासानं सासूबाई दारात आल्या.

“काहून बसली वं इथं?”

“कुणी बोलावलं नाही,” मी म्हटलं. भूक लागून डोळ्यांत पाणी आलं होतं.

“घरच्याले आवतन देतात काय? आवतन पाहुन्याले. उठ, घे वाढून.”

राग आला होता मला तेव्हा. सवय व्हायला वर्ष गेलं. पण पुढं कितीतरी वर्षांनी कळलं की सासरी मला इतकं चांगलं वाक्य दुसऱ्या कुणी ऐकवलं नाही.

सात वर्षांपूर्वी सासरे गेले, नत्थुजी. तेरवी झाली आणि किशोर, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, आता आईला एकटी ठेवायची नाही. तो नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात सुपरवायझर. अमरावतीला शेगाव नाक्याजवळ आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. आम्ही त्यांना घेऊन आलो, आणि आल्या दिवशी मीच म्हटलं, आई, आयुष्यभर पुष्कळ केलं, आता फक्त आराम करायचा.

हे वाक्य मी म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही.

मग आम्ही आराम द्यायला लागलो. त्या भाजी निवडायला बसल्या की मी हातातून घेत होते. गॅस नको, हात भाजेल. खाली एकट्या नको, रस्त्यावर गाड्या किती. शेजारणीकडं सारखं जाऊ नका, शहरात लोकांना आवडत नाही. महिनाभरानं त्या कुठं जायचं म्हणेनाशा झाल्या. दिवाणावर बसायच्या, समोर टीव्ही, हातात चहा, सोबत बिस्किटं. दुपारी झोपायच्या, संध्याकाळीही झोपायच्या. कान कमी झाले तेव्हा किशोरनं चांगलं महागाचं यंत्र आणलं. ते शिटी मारतं म्हणून त्यांनी काढून ठेवलं, आणि आम्हीही बरं म्हणून कपाटात टाकलं. ओरडून बोलण्यापेक्षा न बोलणं सोपं पडायचं. अकोल्याहून नणंद यायच्या, चंदाताई, तर माझ्या गळ्यात पडून म्हणायच्या, “माया मायले तू कसं फुलासारखं ठेवलं वं माधवी.” मी फुगून जायची. गावच्या कार्याची आमंत्रणं आता मोबाइलवरच यायची, त्यामुळं तिकडं जाणंही सुटलं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका सकाळी त्या स्वयंपाकघरात उभ्या दिसल्या. हातात चहाची गाळणी. तिच्याकडं उलटसुलट करून बघत होत्या. मला म्हणाल्या, “हे काय कराचं असते वं?” मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या मुलीला, प्रणालीला, दोनदा ‘चंदी’ म्हणून हाक मारली, आणि एकदा जिन्यात उभ्या राहून शेजारच्यांच्या दारावरची पाटी वाचत रडत होत्या.

चंदाताईंच्या ओळखीचे मेंदूचे डॉक्टर अकोल्याला होते. तिथं गेलो. त्यांनी तपासलं, फोटो काढायला लावले, प्रश्न विचारले. वार कोणता, घड्याळ काढा, मी तीन नावं सांगतो ती लक्षात ठेवा. सासूबाईंनी घड्याळ काढलं तर सगळे आकडे एका बाजूला गोळा. मग डॉक्टर मला म्हणाले, “पूर्वी त्यांचा दिवस कसा जायचा, सांगा बरं.”

मी सांगायला लागले. पहाटे उठायच्या. विहिरीवर, शेतात, सगळीकडं पायी. ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, गोडधोड सणालाच. दिवसभर माणसांत. एकशे बारा घरं तोंडपाठ. दिवसा पाठ टेकायच्या नाहीत, अंधार पडला की झोपायच्या. बोलता बोलता माझं लक्ष डॉक्टरांच्या मागच्या भिंतीकडं गेलं. तिथं तक्ता लावलेला होता, ‘उतारवयात मेंदू जपा’. रोज चाला. साधा आहार घ्या. माणसांत राहा. मेंदूला काम द्या. नीट झोपा. कान तपासा, ऐकू कमी येत असेल तर यंत्र वापरा. रक्तदाब, साखर आटोक्यात ठेवा. भिंतीवर जे जे लिहिलं होतं त्यातलं बहुतेक सगळं ही बाई कुणी न सांगता करत होती, आणि ते एकेक करून तिच्या हातातून मी काढून घेतलं होतं. वर त्याबद्दल शाबासकीही घेतली होती.

“हे आमच्यामुळं झालं का?” मी विचारलं.

“असं कुणालाच सांगता येणार नाही,” डॉक्टर म्हणाले. “या सवयींनी धोका कमी होतो, पण हमी मिळत नाही. सगळं नीट करणाऱ्यालाही हा आजार होतो. आता गोळी चालू करू. चालणं, बोलणं, कानाचं यंत्र, सगळं सुरू करा. त्यांना बरं वाटेल, कदाचित वेगही थोडा कमी होईल. पण गेलेलं परत येईल अशी आशा धरू नका.”

भला माणूस. पण शेवटचं वाक्य मी ऐकलंच नाही. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसा मी दुसऱ्या दिवशी झोपा बांधायला घेतला.

फ्रीजवर वेळापत्रक चिकटवलं. साडेसहाला चालणं. आठला यंत्र कानात. दहाला शब्दकोडं, पाचला शेजारणींबरोबर बाकावर. बिस्किटं बंद. शब्दकोडं त्यांनी माझ्या अंगावर फेकलं. “मी काय तुह्या शाळेतली पोट्टी आहो काय?” मग मी डोकं चालवलं. ताटात तूर आणि मूग मिसळून निवडायला दिले. हे त्यांना आवडलं. बोटं भराभर चालायची. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मिसळून दिले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी त्यांनी ताट बाजूला सारलं.

“हे तू रोज मिसळतं काहून? अन्नाशी असा खेळ करू नाही, माधवी.”

मला इतका आनंद झाला की मी त्यांचे गाल धरले. पकडलं होतं त्यांनी मला. किशोरला फोन करून सांगितलं, चंदाताईंना सांगितलं. पण दिवाळीपर्यंत त्या रोज तेच ताट निवडत होत्या आणि रोज ते त्यांना नवीन होतं. मी मुद्दाम त्यांच्या समोर बसून तूर आणि मूग एकत्र ओतले. त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “कोनं मिसळवले वं हे? आन, मी निवडून देतो.” मी ताट दिलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

जानेवारीत प्रणालीचं लग्न ठरलं. कार्यालय अमरावतीला. गावातल्या लोकांना किशोरनं मोबाइलवर पत्रिका पाठवली आणि मोकळा झाला. दोन दिवसांनी गावाहून इंदूबाईंचा फोन. इंदूबाई म्हणजे माझी चुलत जाऊ, आमची शेती आणि घर तेच लोक बघतात.

“तो मोबाइलवरचा कागद पाह्यला आमी. पन आवतन कुठी हाय? मोठी मायचं आवतन नाही आलं तं लोक म्हनतीन, अमरावतीले गेले अन् गाव इसरले.”

मोठी माय म्हणजे सासूबाई. फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात ते शिरलं ते निघेना. आपण कोडी दिली, डाळी दिल्या. पण जे काम तिचं होतं ते कुठं दिलं? त्या वाटेवर तिचे पाय पन्नास वर्षं चालले आहेत. एकदा तिला त्या वाटेवर सोडून तर बघू.

किशोर भडकला. “तिले घरातलं बाथरूम सापडत नाही, अन् तू तिले एकशेबारा घरं फिरवतं? हसतीन लोक.”

“हसू देत. तुझी आई आहे, की लोकांची?”

खरं सांगायचं तर मला लोकांच्या आवतनाची पर्वा नव्हती. त्या नीट फिरल्या तर मी जे केलं ते पुसलं जाईल, एवढंच मला हवं होतं. परीक्षा त्यांची नव्हती, माझी होती.

रविवारी सकाळी गावात पोचलो. किशोर मुद्दाम आला नाही. सासूबाईंना नऊवारी लुगडं नेसवलं, यंत्र कानात बसवलं, इंदूबाईंनी कुंकवाचा करंडा आणि अक्षता घेतल्या. मी सासूबाईंच्या कानाशी म्हटलं, “आई, आपल्या घरी लग्न आहे. आवतन द्यायचं आहे.”

त्या आमच्या घरासमोर उभ्या राहिल्या. किती वेळ नुसत्या उभ्या. मला वाटलं, झालं. मग त्यांनी पदर खोचला, इंदूबाईंच्या हातातून करंडा घेतला आणि उजव्या हाताच्या पहिल्या घराकडं चालू लागल्या.

“आहे काय वं घरी? आमच्या घरी लग्न हाय. चूलबंद आवतन हाय, लहानमोठे सारे या.”

आतली बाई धावत आली, वाकली, विधवेच्या हातचं म्हणून न अडता कुंकू लावून घेतलं. “येतो मोठी माय.” सासूबाईंनी कान पुढं करून ऐकलं, मान हलवली आणि पुढच्या घराकडं निघाल्या. मी दहा पावलं मागं चालत घरं मोजत होते. पाच. अकरा. अठरा. जुन्या घराच्या जागी सिमेंटचा दुमजली बंगला झाला होता, त्याही फाटकाशी त्या बरोबर वळल्या. एका घरी म्हणाल्या, “तुह्यं जोडप्याचं,” आणि इंदूबाई माझ्या कानात म्हणाल्या, “बराबर हाय, यायच्याशी आपलं तेवढंच हाय.” बाया दारात येऊन उभ्या राहत होत्या, कुणी पाया पडत होतं, कुणी मोबाइलवर फोटो काढत होतं. अमरावतीला दहा पावलांत दमणारी बाई थांबायला तयार नव्हती. किशोरला मी मनातल्या मनात चांगलं सुनावत होते. एका दारात त्यांनी “दुर्गाबाई” अशी हाक मारली. दुर्गाबाई जाऊन सहा वर्षं झाली. आतून त्यांची सून आली आणि काही न बोलता कपाळ पुढं केलं. मी म्हटलं, असू दे. एका चुकीनं कुणी नापास होत नाही.

उजव्या हाताची घरं संपतात तिथं जहाँआराबींचं घर. सासूबाईंच्याच वयाच्या, जुनी मैत्री. इथं कुंकू नसतं, सुपारी द्यायची असते. सासूबाईंनी करंडा इंदूबाईंकडं दिला आणि कमरेच्या पिशवीतून सुपारी काढली. ती कधी ठेवली होती ते मलाही माहीत नव्हतं. मी तिथंच मनातल्या मनात त्यांना पास करून टाकलं.

जहाँआराबींनी त्यांचा हात धरून खाटेवर बसवलं, पाणी दिलं. “कितने दिन बाद आली मनकर्णा. पोती की शादी है ना?”

“पोती कोनती वं?” सासूबाई म्हणाल्या. “माया चंदीचं लग्न हाय. बुधवारी. अकोल्याले देऊन राहिलो तिले. चूलबंद आवतन हाय, नियाजच्या बापालेही सांग.”

चंदाताईंच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. नियाजचे वडील, म्हणजे जहाँआराबींचे यजमान, जाऊन वीस.

जहाँआराबींनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांनी सुपारी मुठीत घेतली आणि म्हणाल्या, “हाँ, चंदी की शादी. आएंगे. सब के सब आएंगे.”

मग मला सगळं कळलं. घरं बरोबर होती, रीत बरोबर होती, एकही उंबरा चुकला नव्हता. चुकलं होतं ते साल. त्यांची वाट परत सापडली नव्हती, त्या त्याच वाटेनं आमच्यापासून लांब गेल्या होत्या, आणि आणून सोडलं होतं मीच. त्यांना थांबवून काय सांगणार होते? आई, हे तुमच्या नातीचं लग्न आहे? कोणती नात, हे कोण सांगणार?

“तुम्ही फिरा, मी पुढं होते,” मी इंदूबाईंना म्हटलं. डाव्या हाताची घरं अजून बाकी होती. मला ते ‘येतो मोठी माय, येतो मोठी माय’ आता ऐकवत नव्हतं.

मी येऊन आमच्या घराच्या ओट्यावर बसले. डाव्या हाताचं शेवटचं घर आमचं. तिथं आवतन संपायचं. चपला काढल्या, पाय दुखत होते. दोन तासांनी त्या येताना दिसल्या. ऊन चढलं होतं, कपाळावर घाम होता, पण चेहरा असा होता की सात वर्षांत मी तो पाहिला नव्हता. काम पुरं करून आलेल्या बाईचा चेहरा. मी उठून पाणी आणायला वळणार, तेवढ्यात त्या माझ्यासमोर थांबल्या. करंडा उघडला आणि कुंकवात बोट बुडवलं.

“बाई, आमच्या घरी लग्न हाय. माया चंदीचं. बुधवारी. चूलबंद आवतन हाय तुमाले, सारे या.”

इंदूबाई घाईनं पुढं आल्या. “मोठी माय, ते माधवी होय. किशोरची बायको. तुमची सून नाही काय?”

सासूबाई हसल्या. “किशोरचं अजून लग्न कुठी झालं वं? पोट्टं कॉलेजात हाय.” मग माझ्याकडं वळून पाहुण्याशी बोलावं तशा अदबीनं म्हणाल्या, “या बरं का बाई. वाट पाह्यतो.”

मला काय झालं कोण जाणे. गप्प बसायला हवं होतं. “आई,” मी म्हटलं, “घरच्याले आवतन देतात काय?”

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. क्षणभर मला वाटलं, आता म्हणतील, उठ, घे वाढून.

“नाही देत,” त्या म्हणाल्या. “घरच्याले कुठी देतात? म्हनून तं तुमाले देऊन राहिली.”

मी कपाळ पुढं केलं. त्यांनी कुंकू लावलं आणि तिथंच उभ्या राहिल्या, यंत्राचा कान पुढं करून. उत्तर ऐकल्याशिवाय त्या हलणार नव्हत्या. पहिल्यांदा माझा आवाज निघालाच नाही. त्यांना ऐकू आलं नसेल असं वाटून त्या अजून एक पाऊल जवळ आल्या.

“येतो बाई,” मी म्हटलं. “सगळे येतो.”